डोळ्यांभोवतीची आग आणि बिननावाची डबी

“काम काय करता तुम्ही?” माझ्या पापणीवर धरलेलं भिंग न हलवता डॉक्टरांनी विचारलं.

“माझं ब्युटी पार्लर आहे. धरणगावला.”

त्यांनी भिंग खाली ठेवलं. “मग हे दुखणं तुमच्या दुकानातूनच आलंय.”

मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होते. दिवाळी होऊन आठवडा झाला होता आणि मी जळगावात एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंसमोर स्टुलावर बसले होते. दोन्ही डोळ्यांभोवती लाल कडी उमटली होती. वरच्या पापण्यांची सालं निघत होती. हसले की डोळ्यांच्या कोपऱ्यात चिरा पडायच्या, म्हणून महिनाभर हसणंच बंद केलं होतं.

डॉक्टरांनी कागदावर दोन नावं लिहिली. पहिलं, अ‍ॅलर्जिक कॉन्टॅक्ट डर्मटायटिस. म्हणजे एखादी वस्तू कातडीला वर्षानुवर्षं लागत राहते, मग एके दिवशी शरीर तिच्याशी वैर धरतं आणि जराशी लागली तरी कातडी सुजते, खाजते. दुसरं, पेरिऑर्बिटल डर्मटायटिस. म्हणजे डोळ्यांभोवती येणारी बारीक पुरळ आणि लाली. ही बऱ्याचदा चुकीच्या मलमामुळे येते आणि त्याच मलमामुळे वाढत जाते.

“आणि तिसरं कारण वयाचं,” त्या म्हणाल्या. “पाळी अनियमित झालीय ना? या वयात कातडीतलं तेल कमी होतं. डोळ्यांभोवतीची कातडी तर अंगावरची सगळ्यांत पातळ. तिथं तेल आधीच थोडं. पंचविशीत जे सोसलं, ते आता सोसणार नाही.”

मग त्यांनी सरळ विचारलं. “हे काम सोडता येईल?”

“नाही.”

“थोडे महिने तरी?”

“मॅडम, बावीस वर्षं झाली. सोडणार नाही. कसं करायचं ते सांगा.”

त्या रागावल्या असं वाटलं. पण पुढच्या कागदावर लिहू लागल्या. “परवा या. चेहऱ्याला, केसांना, हाताला लागणारं जे जे असेल ते सगळं घेऊन या. घरातलं आणि दुकानातलं. एकही डबी मागे ठेवायची नाही.”

आता मागचं सांगते. कारण माझ्यासारख्या कितीतरी जणी आज याच वाटेवर असतील, आणि त्यांनाही वाटत असेल की काही नाही, उन्हानं झालंय.

सुरुवात एप्रिलमध्ये झाली, ऐन लग्नसराईत. आमच्याकडे एप्रिलचं ऊन म्हणजे दाराची कडीसुद्धा रुमालानं धरावी लागते. एकेका दिवशी दोन-दोन नवऱ्या सजवायच्या. मी चाळिशीपासून दर तीन आठवड्यांनी केस काळे करत होते. पार्लरवालीच पांढरं डोकं घेऊन बसली तर तिच्याकडे कोण येईल, असं मला वाटायचं. तर त्या एप्रिलमध्ये केस रंगवल्याच्या दुसऱ्या दिवशी पापण्या ताणल्यासारख्या झाल्या. कणीक मळून हात न धुता बसलं की बोटांवर पीठ वाळून ओढ बसते, तसं. मग खाज. मग सकाळी उठल्यावर वरच्या पापण्या फुगलेल्या.

घरात सासूबाई आहेत. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते, मीही अक्काच म्हणते. त्या दिवशी चहा देताना त्यांनी माझं तोंड उजेडाकडे वळवलं.

“काय व, डोया सुजनात तुना. रडनी का?”

“मी रडस का कधी, अक्का?” मी म्हटलं. त्यांनाही ते ठाऊक होतं.

पण लोकांना ठाऊक नव्हतं. त्या वर्षभरात मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. रडलात का? घरी काही झालं का? साधी सुजलेली पापणी, पण बाईच्या तोंडावर असली की तिच्यामागे लोकांना नवरा दिसतो.

मी घरचे उपाय केले. कोरफड लावली, आग झाली. गुलाबपाणी लावलं, जास्त आग झाली. साय लावली, चिकट झालं आणि खाज तशीच. दुसऱ्यांना सल्ले देणारी मी. माझ्याच दुकानात स्वतःच्या कातडीपुढे हात टेकले.

आणि मग मी ती डबी उघडली.

आमच्याकडे दर महिन्याला मोटरसायकलवर एक माल देणारा यायचा. वॅक्स, ब्लीच, फेशियलची पाकिटं, सगळं त्याच्याकडे. तोच एक छोटी पांढरी डबी द्यायचा, सोनेरी झाकणाची. वर ना कंपनीचं नाव, ना आत काय आहे ते लिहिलेलं. त्याला तो नाइट क्रीम म्हणायचा. चार दिवसांत डाग फिके, आठ दिवसांत चेहरा उजळ. बायका खुश. दोन वर्षं मी ती क्रीम गिऱ्हाइकांना देत होते. मे महिन्यात पहिल्यांदा मी ती स्वतःच्या पापण्यांना लावली.

दुसऱ्या दिवशी लाली गेली. खाज गेली. पापण्या अशा मऊ झाल्या की मी आरशापुढून हलेना.

पुढचे सहा महिने मी ती रोज लावली. एक दिवस चुकला की संध्याकाळपर्यंत लाल कडं उमटायचं. मग दिवसातून दोनदा लावू लागले. गणपतीपर्यंत दोनदा लावूनही भागेना. नवरात्रात पाणी लागलं तरी चरचरायचं. दिवाळीत घरच्या पणतीच्या उजेडाकडेही बघवेना, तेव्हा आमचे हे म्हणाले, “आता पुरे. जळगावला जाऊन ये.” हे म्हणजे प्रकाशराव, कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कामाला आहेत. फार बोलत नाहीत. बोलले म्हणजे ते ठरलेलं असतं.

ठरल्याप्रमाणे दोन दिवसांनी मी कापडी पिशवी भरून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक वस्तू मांडू लागल्या. केसांचा रंग एका बाजूला. सुगंधी साबण, काजळ, मेकअप काढायचे ओले रुमाल त्याच्या शेजारी. सोनेरी झाकणाची डबी हातात आली तेव्हा त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, उघडली, पुन्हा बंद केली.

“यावर बनवणाऱ्याचं नाव नाही.”

“नाही.”

“किती महिने लावलीत?”

“सहा.”

“बंद केली की दुप्पट लाल होतं?”

मी मान हलवली.

“यात बहुतेक स्टेरॉईड आहे,” त्या म्हणाल्या. स्टेरॉईड म्हणजे सूज झटकन दाबणारं औषध. डॉक्टरांनी बघून, मोजून, थोडे दिवस दिलं तर ते उपयोगाचं. पण पापणीसारख्या पातळ जागी महिनोन्महिने लावलं तर कातडी आणखी पातळ होते, तिला त्याची सवय लागते, आणि ते डोळ्यात उतरून डोळ्यातला दाब वाढवू शकतं. “आज इथूनच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. उद्या नाही, आज.”

“ही तुम्हाला कोणी दिली?” त्यांनी डबी कचऱ्याच्या डब्याकडे नेत विचारलं.

“माल देणाऱ्यानं,” मी म्हटलं.

मी दुसऱ्यांना दिली, हे मी त्या दिवशी सांगितलं नाही.  हे इथं लिहिते आहे, कारण आजारपणाच्या गोष्टीत आपण फक्त आजारी असतो असं नाही, कधीकधी दोषीही असतो.

डोळ्यांच्या दवाखान्यात तीन तास बसले. आजूबाजूला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली मंडळी काळे चष्मे लावून ओळीत बसली होती. शेजारी बसलेल्या एका आबांनी विचारलं, “तुमचा कोणता डोळा, ताई?” मी म्हटलं, “दोन्ही.” ते म्हणाले, “वय तर लहान दिसतं.” त्या दिवसातलं तेवढंच एक बरं वाक्य.

आत हनुवटी यंत्रावर ठेवायला लावली, डोळ्यात थेंब टाकले आणि निळ्या उजेडात दाब मोजला. इंट्राऑक्युलर प्रेशर म्हणतात त्याला. डोळ्याच्या आतल्या पाण्याचा दाब. तो वाढून तसाच राहिला तर मागची नस हळूहळू मरते, आणि गेलेली नजर परत येत नाही. यालाच काचबिंदू म्हणतात. दुखतही नाही, म्हणून कळत नाही.

“दाब वाढलेला आहे,” डॉक्टर म्हणाले. “नस अजून चांगली दिसतेय. क्रीम बंद करा, हे थेंब टाका, महिन्यानं या.”

“आणखी काही महिने लावली असती तर?”

“ते मी सांगू शकत नाही,” ते म्हणाले. “आता आलात, हे चांगलं झालं.”

परतीच्या एसटीत मला खिडकीजवळची जागा मिळाली. बाहेर कापसाची शेतं वेचणीला आली होती. मला काही दिसत नव्हतं. मी मनातल्या मनात नावं घेत होते. शाळेतल्या वाघ बाई. बँकेतली कविता. पोस्टामागची जावा-जावांची जोडी. लग्न ठरलेली दीपाली. मी कोणाकोणाला ती डबी दिली, ते आठवत गेले. धरणगाव आलं तेव्हा एकवीस नावं झाली होती.

आधी माझ्या कातडीचं सांगते.

क्रीम बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी चेहरा उसळला. डॉक्टरांनी बजावलं होतं की असं होईल. याला रिबाउंड म्हणतात, म्हणजे दाबून ठेवलेली सूज दुपटीनं वर येणं. पण सांगणं वेगळं आणि ते अंगावर घेणं वेगळं. डोळ्यांच्या फटी झाल्या. पापणी मिटली तरी आग, उघडली तरी आग. अश्रू आले की त्या मिठानं आणखी आग, म्हणून रडायचीही सोय नव्हती.

उपचार इतका साधा होता की मला आधी फसवल्यासारखं वाटलं. तोंड फक्त कोमट पाण्यानं धुवायचं. साबण नाही, फेसवॉश नाही. जुन्या मऊ सुती कापडानं टिपायचं, पुसायचं नाही. ओलसर असतानाच साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली बोटाच्या टोकावर घेऊन पातळ लावायची. आग वाढली की थंड पाण्यात बुडवलेल्या मलमलीची घडी पाच मिनिटं डोळ्यांवर. बर्फ थेट लावायचा नाही. काजळ, गुलाबपाणी, लिंबू, कोरफड सगळं बंद. सोबत काही आठवड्यांच्या गोळ्या आणि टॅक्रोलिमस नावाचं मलम. हे मलम स्टेरॉईड नसतं, पण सूज उतरवतं. पहिले काही दिवस तेही झोंबतं. हे मलम आणि गोळ्या मला तपासून दिल्या होत्या. माझं वाचून कोणी दुकानातून आणू नका. मी नेमकं तेच केलं होतं.

मी पार्लर बंद ठेवलं नाही. लाल, सुजलेल्या तोंडानं रोज सकाळी शटर वर केलं.

एक बाई दारातूनच परत गेली. तिला वाटलं माझे डोळे आलेत आणि तिलाही येतील. दोघी बाहेरच्या बाकावर बसून हळू आवाजात बोलत होत्या, “नवऱ्यानं मारलं म्हणतात.” मी पडदा बाजूला केला आणि म्हटलं, “नवऱ्यानं नाही, क्रीमनं. या आत, सांगते कोणती.” एक आत आली.

प्रकाशरावांना मात्र ते फार लागलं. जिनिंगमध्ये एकानं त्यांना थेट विचारलं होतं म्हणे. घरी आल्यावर ताटावर बसले आणि जेवेनात. “चार दिवस बंद ठेव ना दुकान,” ते म्हणाले. “लोक काय काय बोलताहेत.”

“मी बंद ठेवलं तर ते खरं आहे असं होईल,” मी म्हटलं. “तुम्ही उद्या दुपारचा डबा दुकानात येऊन माझ्याबरोबर खा. दार उघडं ठेवून.”

ते आले. आठ दिवस रोज आले. खुर्च्या कमी म्हणून केस धुवायच्या खुर्चीत मांडीवर डबा घेऊन बसायचे. गिऱ्हाइकं हसायची. तिसऱ्या दिवसानंतर लोकांचं बोलणं थांबलं.

आता माझी चूकही सांगते. नोव्हेंबरच्या शेवटी एका नवरीची ऑर्डर होती, अमळनेरच्या मोठ्या घरची. आदल्या दिवशी नवरीच्या मावशीचा फोन आला, “तुमचं काही बरं नाही ऐकलं. येणार ना नीट?” त्या ‘नीट’ या शब्दानं मी हलले. त्याच दुपारी तो माल देणारा आला होता. मी त्याच्या उरलेल्या डब्या परत देत होते. तो घेईना. “ताई, दोन दिवस लावा, पहिल्यासारख्या व्हाल. मग करा बंद,” म्हणाला आणि एक डबी टेबलावर ठेवून गेला.

मी ती लावली. दार लावून, आरशाकडे पाठ करून लावली.

दुसऱ्या दिवशी पापण्या गार, गोऱ्या, सपाट. ऑर्डर उत्तम झाली. मावशी म्हणाल्या, “उगाच काही तरी बोलतात लोक.” आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. दुखण्याची वाटली नव्हती तेवढी त्या गार पापण्यांची वाटली. म्हटलं, ही गोष्ट मला कधीच सोडणार नाही, आणि माझ्या एकवीस बायकांनाही नाही.

चौथ्या दिवशी पुन्हा सगळं उसळलं. डॉक्टरांकडे जाऊन खरं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. “पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं,” एवढंच म्हणाल्या. मग मी उरलेलंही सांगितलं. कोणाकोणाला दिली ते.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “त्यांना एकदम बंद करा एवढंच सांगून सोडू नका. दाखवायला सांगा. ज्यांनी डोळ्यांजवळ लावली असेल त्यांना आधी पाठवा.”

डिसेंबरात माझी पॅच टेस्ट झाली. म्हणजे पाठीवर छोट्या छोट्या चकत्यांमध्ये वेगवेगळे पदार्थ भरून पट्टी चिकटवतात. दोन दिवस पाठ भिजवायची नाही. मग पट्टी काढून बघतात आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा बघतात. कोणत्या चकतीखाली कातडी लाल झाली, तो आपला वैरी. माझ्या पाठीवर एका जागी फोड आला होता. पीपीडी. केसांच्या काळ्या रंगात असतं ते, बाजारातल्या काळ्या मेंदीतही घालतात. रंग डोक्याला लावतो, पण डोक्याची कातडी जाड असते. ती गप्प राहते आणि बोंब पापण्या मारतात.

“म्हणजे केस रंगवणं कायमचं बंद,” डॉक्टर म्हणाल्या. “दुसऱ्यांना लावताना नायट्राइलचे हातमोजे. साधे पातळ प्लास्टिकचे चालणार नाहीत.”

“चालेल.”

“पांढरे केस चालतील? पार्लरमध्ये?”

“चालवीन,” मी म्हटलं.

आता त्या एकवीस बायका. मी प्रत्येकीच्या घरी गेले. फोनवर सांगितलं असतं तर सोपं झालं असतं, पण मी क्रीम हातात दिली होती, तर हे तोंडावर सांगायला हवं होतं.

वाघ बाई शाळेतून नुकत्याच आल्या होत्या. मी माझा चेहरा दाखवला, सगळं सांगितलं. त्यांनी पाण्याचा पेला माझ्यासमोरून उचलून घेतला.

“तूच दिलीस ना मला? मी विचारलं होतं, शोभा, यात काय आहे. तू म्हणालीस, आयुर्वेदिक आहे.”

“मला तसं सांगितलं होतं.”

“तुला सांगितलं होतं. तुला माहीत होतं का?”

“नाही.”

“मग ‘माहीत नाही’ असं का नाही म्हणालीस?”

  मी त्यांना डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला आणि उठले.

बाकीच्यांपैकी काहींनी ऐकलं, काहींनी हसून सोडलं, दोघींनी दुसऱ्या पार्लरमधून तीच डबी घेणं सुरू केलं. सगळ्यांत अवघड होती ती दीपाली. चोवीस वर्षांची पोरगी, फेब्रुवारीत लग्न, सासर धुळ्याचं. तिच्या आईनं, रेखाताईंनी, स्वतः येऊन माझ्याकडून डबी नेली होती. चार महिने ती रोज चेहऱ्याला लावत होती. मी गेले तेव्हा रेखाताई म्हणाल्या, “लग्न होऊ दे. मग बंद करू.”

“तोवर आणखी बिघडेल. तिच्या गालावर शिरा दिसायला लागल्यात, बघा.”

“तुम्हीच तर म्हणाला होता उजळेल!”

“म्हणाले होते. चुकले.”

“मग आमची ऑर्डर रद्द समजा,” त्या म्हणाल्या.

दोन दिवसांनी दीपाली एकटीच पार्लरमध्ये आली. “काकू, मला खरं सांगा. लग्नानंतर हे बंद केलं तर तिकडे, नव्या घरात, चेहरा असा होईल का?” तिनं माझ्या तोंडाकडे बोट केलं.

“हो,” मी म्हटलं. “होऊ शकतो.”

“मग इथंच होऊ दे,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर जळगावला आली.

तिचा चेहरा जानेवारीत उसळला. रेखाताई भर दुपारी, दुकानात चार गिऱ्हाइकं असताना आल्या आणि जे तोंडाला आलं ते बोलल्या. पोरीचं वाटोळं केलं, असंही म्हणाल्या. मी हातातली कात्री खाली ठेवली आणि उभी राहिले.  त्यांचं झाल्यावर म्हटलं, “डबी मी दिली, तो माझा गुन्हा आहे. बंद करायला लावली, तो नाही. त्यासाठी मी माफी मागणार नाही.”

गिऱ्हाइकांपैकी दोघी तेव्हाच उठून गेल्या. मी उरलेल्या दोघींचं काम पुरं केलं. शेंडे सरळ कापले गेले.

संध्याकाळी अक्कांना सांगितलं. मला वाटलं, त्या म्हणतील कशाला या भानगडीत पडलीस. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, “माले काय सांगस? ज्या बाया उठी ग्यात, त्यासले सांग.”

म्हणून मी दुसऱ्या दिवशी त्या दोघींच्याही घरी गेले.

दीपालीचं लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं. गालांवर अजून लाली होती. तिनं जाड मेकअप करू दिला नाही. दुसरी कोणी पार्लरवाली आणली होती, मला बोलावणं नव्हतं. फोटो मी इतरांच्या फोनवर पाहिले. लाल गालांची, सरळ बघणारी नवरी.

माझी कातडी हळूहळू आली. आधी सालं थांबली. मग एक दिवस लक्षात आलं की सकाळपासून हात डोळ्यांकडे गेलाच नाही. तिसऱ्या तपासणीत डोळ्यातला दाब ठीक निघाला. थेंब बंद झाले. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, “वर्षातून एकदा मात्र दाखवत राहायचं. तुम्ही सुटलात, पण जपून.”

पापण्यांवर आता बारीक सुरकुत्या आहेत. त्यातल्या काही वयाच्या, काही त्या क्रीमच्या. कोणत्या कोणाच्या, ते कळत नाही आणि मला शोधायचंही नाही. केस अर्धे पांढरे, अर्धे काळे अशी चार महिने फिरले. ते सगळ्यांत विचित्र दिसायचं. एका बाईनं विचारलं, “तुमचेच केस असे, तर आमचे काय करणार?” मी म्हटलं, “तुमचे तुम्ही म्हणाल तसे करीन. माझे मी म्हणेन तसे राहतील.”

रंग लावायचं काम मी सोडलेलं नाही. पण आता आधी कानामागे थेंबभर लावून दोन दिवस थांबायला सांगते. खाजलं, लाल झालं, तर मी लावत नाही, कितीही ओळखीची असो. ज्यांना थांबायचं नसतं त्या दुसरीकडे जातात. बिननावाची एकही वस्तू माझ्या कपाटात नाही. माल देणारा एकदा आला होता, दारातूनच परत गेला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. यंदा झोके बांधले गेले त्या दिवशी मला धुळ्याहून दीपालीचा फोन आला. तिला माहेरी यायला दोन दिवस उशीर होणार होता.

“काकू, चेहरा शांत आहे आता,” ती म्हणाली. “पण तुमच्या डॉक्टरांचा फोन नंबर पाठवा ना. माझी जाऊ तीच डबी वापरते. मी तिला घेऊन येते, येतानाच जळगावला दाखवू.”

“जावेनं ऐकलं?”

“आधी ऐकत नव्हती. मी माझे लग्नातले फोटो दाखवले.”

मी नंबर पाठवला. 

त्या त्वचेच्या डॉक्टरांचे आणि डोळ्यांच्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. प्रकाशरावांचे आणि अक्कांचेही. पण वाघ बाईंचे मी सगळ्यांत जास्त मानते. त्या अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. रस्त्यात भेटल्या की मान हलवतात आणि पुढे जातात. तरी एवढं कळलं की त्यांनी डोळे तपासून घेतले आणि ते ठीक आहेत. त्यांनी विचारलेला प्रश्न मी आता रोज दुकानात वापरते. कोणी विचारलं यात काय आहे, आणि मला माहीत नसलं, तर मी ‘माहीत नाही’ म्हणते आणि वस्तू परत ठेवते.

बायांनो, पापणी ताणली, सोलली, लाल झाली, तर रडलीस का असं विचारणाऱ्यांना उत्तर देत बसू नका. आधी तुमच्या कपाटातल्या डब्या बघा. नाव नसेल ती उचला आणि डॉक्टरांकडे न्या. तोंड लाल असलं तरी झाकून जाऊ नका. लोक बघतील. बघू द्या. मी तशीच बाजारातून चालत गेले, तशीच शटर वर करून बसले, आणि आज पांढऱ्या केसांनी बसते.